गोळी सोसायची, सोडायची की बदलून घ्यायची?

‘डॉक्टरांनी दिलेल्या गोळीनं त्रास होतोय. चालू ठेवू की बंद करू?’ सोलापूरच्या भवानी पेठेतल्या वाचकांकडून हा प्रश्न वरचेवर येतो. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तोवर गोळी बंदही केलेली असते. कुणी प्रेशरची गोळी दिवसाआड घेतं. कुणी टीबीच्या गोळ्या ‘आता बरं वाटतंय’ म्हणून दोन महिन्यांत सोडतं. कुणी मेडिकलमधून परस्पर दुसरीच आणतं. डॉक्टरांना मात्र यातलं काही कळवलेलं नसतं, कारण ते रागावतील. याउलट ‘औषध म्हटलं की सोसायलाच हवं’ असं धरून वर्षभर खोकत राहणारे, सुजलेल्या पायांनी मागावर उभे राहणारेही आहेत.

दोघांचंही नुकसान होतं. औषधाचा फायदा किती, हे डॉक्टरांनी सांगायचं. त्रास किती आणि त्यापायी रोजच्या जगण्यातलं काय गेलं, हे तुम्ही सांगायचं. ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत नसतं, ते कुठल्याही रिपोर्टमध्ये उमटत नाही. या दोन्ही गोष्टी समोरासमोर आल्या की निर्णय सहसा अवघड राहत नाही. त्या कशा आणायच्या, यासाठी हा लेख. औषधांची नावं ओळखीसाठी दिली आहेत. लेख वाचून स्वतःच्या गोळ्यांत फेरफार करू नका.

आधी हे पाहा: थांबायला वेळ आहे का?

बहुतेक त्रासांना दोन-चार दिवसांची सवड असते. पुढचे त्रास तसे नाहीत. यातलं काही दिसलं तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर सिव्हिलचा अपघात विभाग आहे, गाडीची सोय नसेल तर १०८.

- ओठ, जीभ किंवा चेहरा सुजणं, श्वास अडकणं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या प्रेशरच्या गोळ्यांनी हे वर्षानुवर्षं गोळी घेतल्यावरही होऊ शकतं.
- अंगावर चट्टे आणि सोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, कातडी सुटणं. फिट्सच्या काही गोळ्या, सल्फाची औषधं, यूरिक अ‍ॅसिडसाठीची अ‍ॅलोप्युरिनॉल ही यातली नेहमीची नावं.
- डोळे पिवळे होणं, लघवी चहासारखी गडद होणं, सतत उलट्या. टीबीच्या औषधांवर असाल तर हा यकृताचा इशारा समजा. लघवी नुसतीच केशरी झाली, तर तो रिफॅम्पिसिनचा रंग आहे. त्याला घाबरू नका.
- नजर धूसर होणं, लाल-हिरवा रंग नीट न ओळखता येणं. टीबीच्या इथॅम्ब्युटॉलनं असं होऊ शकतं.
- डांबरासारखं काळं, चिकट शौच किंवा रक्ताची उलटी, विशेषतः वेदनाशामक किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना.
- दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, तेही शुगरच्या गोळीवर किंवा इन्शुलिनवर असताना. माणूस शुद्धीत असेल तर लगेच साखर द्या आणि दवाखान्यात न्या. गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो, त्यामुळे साखर पुन्हा खाली जाऊ शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका.
- नवीन गोळी सुरू झाल्यावर जीव नकोसा वाटणं, मरणाचे विचार येणं. माणसाला एकटं सोडू नका.

या गोळ्या स्वतःहून एकदम बंद करू नका

फिट्सच्या गोळ्या एकदम थांबल्या तर फिट्सची मालिका लागू शकते. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशा गोळ्या अचानक सोडल्या तर छातीत दुखणं, धडधड उसळते. बरेच दिवस चाललेलं प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड, झोपेच्या गोळ्या, नैराश्याची आणि मनोविकाराची इतर औषधं हळूहळूच उतरवावी लागतात. हृदयात स्टेंट बसवल्यानंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढायचा म्हणूनसुद्धा परस्पर थांबवायच्या नसतात, हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. या यादीतलं औषध त्रास देत असेल तर बंद करायची घाई नको, डॉक्टरांना गाठायची घाई करा.

त्रास गोळीचाच आहे ना?

इथं खूप घोळ होतो आणि आपल्या भागात तर जास्तच, कारण आपलं कामच अनेक त्रासांना जन्म देतं.

मागावर काम करणाऱ्याला कोरडा खोकला लागला तर तो कापसाच्या धुळीवर ढकलतो. घरचे म्हणतात, टीबी तर नसेल? एक्स-रे होतो, थुंकी तपासली जाते, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या संपतात. दीड महिन्यापूर्वी प्रेशरसाठी रॅमिप्रिल सुरू झाली होती, हे मात्र कुणाला आठवत नाही. या गटातल्या गोळ्यांनी शंभरातल्या पाच ते वीस जणांना असा कोरडा, घशात गुदगुल्या करणारा खोकला येतो. गोळी बदलल्यावर तो सहसा एक ते चार आठवड्यांत जातो, काहींना थोडा जास्त वेळ लागतो. उलटही घडतं. खरोखर टीबीचा किंवा धुळीचा खोकला असतो आणि माणूस प्रेशरच्या गोळीला दोष देऊन तीच सोडतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करायचीच, गोळी कुठलीही चालू असली तरी.

कानाचंही तसंच. मागाच्या खडखडाटात उमर गेलेल्या माणसाला ऐकू कमी येऊ लागलं तर तो मागाला बोल लावतो. पण अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन या गटातली इंजेक्शनं चालू असतील आणि कानात शिट्टी वाजू लागली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगायला हवं. या इंजेक्शनांनी गेलेलं ऐकू येणं सहसा परत येत नाही.

पायांना, बोटांना मुंग्या येणं हे तर तिहेरी कोडं आहे. मधुमेहानं नसा खराब होतात तेव्हा मुंग्या येतात. मधुमेहावरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की शरीरातलं बी-१२ कमी होतं, त्यानंही येतात. टीबीच्या आयसोनियाझिडनंही येतात. तिन्हींचा उपाय वेगळा आहे. बी-१२ साध्या रक्ततपासणीत कळतं, म्हणून ‘वयानं होतं’ हे उत्तर लगेच मान्य करू नका.

शोध लावायला कागदावर चार तारखा लिहा: गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, त्रास कधी सुरू झाला, आणि मधल्या काळात दुसरं काय काय घेतलं. ‘दुसरं’ म्हणजे सगळं: मेडिकलमधून आणलेली अंगदुखीची गोळी, सर्दीची गोळी, काढा, जडीबुटीची पुडी. सांधेदुखीवर ‘एका दिवसात आराम’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. तोंड सुजणं, शुगर वाढणं हा मग त्या पुडीचा प्रताप असतो आणि शिव्या खाते डॉक्टरांची गोळी.

त्रास तुमच्या कामाच्या मापात सांगा

‘गोळी गरम पडते’, ‘सूट होत नाही’, ‘कसंतरी होतं’ असं सांगितलं तर डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. रांग मोठी असते, पाच मिनिटं मिळतात. ‘घेत राहा, सवय होईल’ असं ऐकून तुम्ही बाहेर पडता.

एक उदाहरण घेऊ. विडी वळणाऱ्या एखाद्या बाईचा टीबीचा उपचार चालू आहे. मांडीवर सूप, भिजवलेलं पान कात्रीनं मापात कापायचं, चिमटीनं तंबाखू पसरायची, पान वळायचं, टोक नखानं आत दाबायचं, दोरा बांधायचा. सगळं काम बोटांच्या टोकांवर. आयसोनियाझिडनं आधी तळपायांना आणि मग बोटांना मुंग्या आल्या की पहिली चूक तिथंच दिसते: टोक नीट दबत नाही, विडी सैल पडते, विडी कंपनीच्या ब्रँचमध्ये मोजणीच्या वेळी माल बाद होतो. ती डॉक्टरांना म्हणाली, ‘हाताला मुंग्या येतात’, तर ती तक्रार दहातली एक. ती म्हणाली, ‘आधी दिवसाला हजार विड्या होत होत्या, महिन्याभरापासून सहाशेच होतात, त्यातल्याही बाद जातात’, तर समोरच्या माणसाला कळतं की हा त्रास मजुरी खातोय आणि ही बाई आठवड्याभरात उपचार सोडणार आहे. यावर बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिनची गोळी आहे. स्वस्त आहे, सरकारी टीबी उपचारात मिळते. डोस योग्य मिळाला तर उपचारही चालू राहतो आणि कामही. हे प्रश्नाच्या मांडणीनं साधतं. म्हणूनच मला लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तुमची मापं तुम्हीच निवडा:

- मागावर: आधी किती माग सांभाळत होता, आता किती? धोटा चालू असताना डुलकी लागते का?
- घरात: नळाला पाणी आल्यावर भांडी भरताना किती वेळा बसावं लागतं?
- झोपेत: रात्री किती वेळा उठता? सकाळी गुंगी किती वाजेपर्यंत राहते?
- जेवणात: भाकरी-शेंगाचटणीची चव लागते का? जेवण निम्म्यावर आलंय का?
- संसारात: नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम झालाय का? प्रेशरच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनी होतो. लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. या एका कारणानं गुपचूप गोळी सोडणारे पुरुष पुष्कळ आहेत. बायकाही सोडतात, फक्त त्या बोलत नाहीत.

पेठेतल्या अनेक घरांत घरची भाषा तेलुगू आहे, काहींत कन्नड. दुखण्याचं नेमकं वर्णन आईच्या भाषेतच सुचतं. आजी-आजोबांसोबत जाताना त्यांचे शब्द घरीच विचारून मराठीत लिहून न्या. आणि त्यांच्या वतीनं तुम्हीच सगळं बोलू नका.

किती सोसायचं, हे औषध कशासाठी आहे त्यावर ठरतं

ठरावीक मुदतीचं आणि आजार मुळापासून घालवणारं औषध असेल, तर बरंच सोसण्यात अर्थ आहे. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने जड जातात: मळमळ, पायराझिनामाइडमुळे सांधेदुखी. अर्ध्यावर सोडलं तर औषधाला न जुमानणारा टीबी होऊ शकतो आणि तो घरातल्या लेकरांनाही लागतो. त्यामुळे इथं ‘चालू की बंद’ हा प्रश्न नसावा, ‘त्रास कमी कसा करता येईल’ हा असावा.

पण सोसण्यालाही हद्द असते, आणि ती रुग्णांनी बोलून दाखवल्यामुळे हललेली आहे. मुंबईच्या पत्रकार नंदिता व्यंकटेशन यांची श्रवणशक्ती २०१३ मध्ये टीबीच्या उपचारादरम्यान कॅनामायसिन इंजेक्शनांनी गेली. जीव वाचला, ऐकू येणं गेलं. तसंच भोगलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत त्यांनी २०१९ मध्ये बेडाक्विलिन या तोंडानं घ्यायच्या औषधाच्या वाढीव पेटंटला भारतात हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयानं कंपनीचा तो अर्ज फेटाळला आणि हे औषध स्वस्त होण्यातला मोठा अडसर दूर झाला. दरम्यान २०१८ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं कॅनामायसिन वापरू नये असं सांगितलं. आज आपल्याकडे औषधाला न जुमानणाऱ्या टीबीवर प्रामुख्यानं गोळ्यांचाच उपचार होतो. त्या गोळ्यांनाही त्रास आहेतच. लिनेझोलिडनं नसा आणि रक्त यांवर परिणाम होतो, बेडाक्विलिनवर असताना ईसीजी काढावा लागतो. म्हणून तपासणीच्या तारखा चुकवू नका. टीबीसंबंधी काहीही विचारायचं असेल तर निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६ मोफत आहे.

प्रेशर, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा हिशेब निराळा. इथं आजार दुखत नाही, गोळी मात्र त्रास देते. फायदा दिसत नाही, कारण तो ‘न आलेला’ अर्धांगवायू, ‘न बिघडलेली’ किडनी असा असतो. इथं डॉक्टरांना सरळ विचारा: ‘माझ्यासारख्या शंभर जणांनी ही गोळी घेतली तर किती जणांचा झटका टळेल? नाही घेतली तर किती जणांना येईल?’ आधी झटका येऊन गेलेल्या माणसाला कोलेस्टेरॉलच्या गोळीचा फायदा मोठा असतो. काहीच झालेलं नाही अशा माणसाला तो लहान असू शकतो. गोळी तीच, पण दोघांनी किती त्रास सोसावा याचं उत्तर एक नाही. बाकी, या आजारांत औषधांचे पर्याय भरपूर आहेत, त्यामुळे रोजचा त्रास सोसत बसायचं कारणच नसतं.

केवळ आरामासाठीच्या गोळ्या, म्हणजे अंगदुखी, पित्त, झोप, खाज यांच्यासाठी घेतलेल्या, त्रास देत असतील तर त्या सोसण्यात काहीच अर्थ नाही.

चालू आणि बंद यांच्या मधले रस्ते

डॉक्टरांना ‘बंद करू का?’ असं विचारण्याऐवजी ‘दुसरा काही मार्ग आहे का?’ असं विचारा. मार्ग बहुधा असतो:

- वेळ बदलणं. लघवीची गोळी सकाळी घेतली की दोन-तीन तास सारखं जावं लागतं. कामाच्या ठिकाणी बायकांसाठी धड शौचालय नसतं, म्हणून कित्येक जणी ती गोळीच टाळतात किंवा पाणी पिणं तोडतात. ही अडचण डॉक्टरांना सांगा. कामावरून आल्यावर घ्यायची सोय होऊ शकते.
- जेवणाशी जोडणं. मेटफॉर्मिननं पोट बिघडत असेल तर जेवणासोबत, कमी डोसपासून, किंवा हळूहळू विरघळणारी गोळी.
- डोस कमी करणं. अ‍ॅम्लोडिपिननं घोट्याशी सूज येते. आठ-बारा तास उभं राहणाऱ्याला ती जास्त जाणवते. डोस निम्मा करून दुसऱ्या गटातली गोळी जोडली की पुष्कळांची उतरते.
- गट बदलणं. रॅमिप्रिलनं खोकला येत असेल तर टेल्मिसार्टन, लोसार्टन यांचा गट आहे. सर्दी-खाजेच्या सेट्रिझिननं झोप येत असेल तर फेक्सोफेनाडिननं ती कमी येते. धोट्याशेजारी उभं राहणाऱ्यासाठी हा फरक बोटं शाबूत राहण्याचा आहे.
- ठरवून थांबवून पाहणं. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं स्नायू दुखतात असं वाटत असेल तर डॉक्टर काही आठवडे थांबवून, रक्त तपासून, मग कमी डोसवर किंवा दुसऱ्या गोळीवर पाहू शकतात.

एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा कधी भेटायचं ती तारीख लिहून घ्या. दोन बदल एकत्र केले तर गुण कशानं आला ते कळत नाही.

एका फासापासून मात्र जपून राहा: गोळीच्या त्रासावर गोळी. अ‍ॅम्लोडिपिनची सूज उतरवायला लघवीची गोळी, तिनं यूरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून आणखी एक, तिच्या पित्तासाठी चौथी. नवीन गोळी मिळाली की विचारा: ‘ही आधीच्या गोळीच्या त्रासासाठी तर नाही ना?’

आणि कंबरदुखीवर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक. प्रेशरची रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि त्यावर ही वेदनाशामक अशी तिघींची गाठ पडली की किडनीवर एकदम भार येतो. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात, पत्र्याखाली घाम गाळणाऱ्याला तर जास्तच. प्रेशरच्या रुग्णांनी अंगदुखीची गोळी मागण्याआधी आपल्या चालू गोळ्यांची पट्टी मेडिकलवाल्याला दाखवावी.

उपवास, कोजागरी आणि ऊन

नवरात्राचे उपवास, रमजानचे रोजे, कोजागरीला तुळजापूरला पायी जाणं या गोष्टी जगण्याचा भाग आहेत. त्या सोडा असं मी सांगणार नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहिलात किंवा रात्रभर चाललात तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जाऊन डोस आणि वेळ बदलून घ्या. चालताना खिशात साखर आणि पायांत जुनी, रुळलेली चप्पल हवी, कारण मधुमेहात पायाला झालेला फोड कळत नाही. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या की लघवीची गोळी, मेटफॉर्मिन आणि प्रेशरची गोळी तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा.

मानसिक आजाराची औषधं

इथं त्रास आणि फायदा यांची ओढाताण सर्वांत तीव्र असते आणि घरच्यांची मतं त्यात मिसळतात. भास, संशय थांबतात, पण वजन वाढतं, दिवसभर सुस्ती येते, हात थरथरतात, अंग ताठरतं, चेहऱ्यावरचे भाव गोठतात. घरचे म्हणतात, ‘शांत आहे ना, मग झालं.’ शांत असणं आणि बरं असणं यांत फरक आहे. सकाळी उठून कामावर जाता येणं, हसता येणं हाही उपचाराचा भाग आहे आणि तो मागायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. ताठरणं, बेचैनी, थरथर यांवर डोस बदलणं, औषध बदलणं, जोडीला दुसरी गोळी देणं असे उपाय आहेत. वजनासाठी ओलान्झापिनऐवजी दुसरं काही चालेल का, असं विचारता येतं. लिथियम चालू असेल तर रक्तातलं प्रमाण तपासत राहावं लागतं. घाम जास्त जाण्याच्या दिवसांत आणि वेदनाशामक घेतल्यावर ते वाढू शकतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट दिली जात असेल तर गर्भावरच्या परिणामांबद्दल आधीच बोलायला हवं. दिवस गेल्यावर नव्हे.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. प्रस्तावित उपचार आणि त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितलेच पाहिजेत. पुढे आजार बळावला तर कोणता उपचार हवा आणि कोणता नको, हे सज्ञान व्यक्ती आगाऊ लिहून ठेवू शकते आणि आपल्या वतीनं बोलणारी व्यक्तीही नेमू शकते. आणीबाणीच्या उपचारांना हे पूर्वनिर्देश लागू होत नाहीत. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

म्हातारपणी

दिवसाला आठ-दहा गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांच्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत भरून वर्षातून एकदा एकाच डॉक्टरांसमोर ओता आणि विचारा, ‘यातली कुठली आता नको?’ ऐंशीव्या वर्षी शुगर चाळिशीतल्या माणसाइतकी कडक आवळली तर साखर खाली जाऊन माणूस पडण्याचा, हाड मोडण्याचा धोका वाढतो, म्हणून या वयात मर्यादा सैल ठेवतात. कॅन्सर फार पुढे गेला असेल तर प्रश्नच बदलतो: आणखी एक केमो, की घरच्या माणसांत शुद्धीत घालवलेले दिवस? याचं उत्तर रुग्णानं द्यायचं असतं. त्याच्यापासून आजार लपवून त्याला ते देता येत नाही.

तुमचे हक्क

- उपचाराचे फायदे, धोके, पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे जाणून मगच संमती द्यायची असते. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे.
- शुद्धीतली, सज्ञान व्यक्ती उपचार नाकारू शकते. त्यासाठी सही मागतील. ती करण्याआधी परिणाम समजून घ्या. नाकारलं म्हणून पुढच्या वेळी दारात उभं करायचं नाही, असं होत नाही.
- दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येतं. त्यात अपमान कुणाचाच नाही.
- केस पेपर, रिपोर्ट यांच्या प्रती मागता येतात. मागितल्यापासून ७२ तासांत त्या द्याव्या लागतात.
- खासगी रुग्णालयात रुग्णहक्कांची सनद लावलेली असली पाहिजे. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनी ते बंधनकारक आहे. दिसली नाही तर विचारा.
- मेडिकलमधून बिल घ्या. त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर असतो, तक्रारीच्या वेळी तोच लागतो.

दुष्परिणामाची नोंद तुम्हीही करू शकता

हे फार थोड्यांना माहीत आहे. देशभरातल्या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम २०१० पासून चालू आहे आणि गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. डॉक्टरांनीच कळवावं असं नाही, रुग्णही कळवू शकतो. १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कामाच्या दिवशी फोन करा, किंवा ग्राहकांसाठीचा फॉर्म भरा. तो मराठीत आहे, तेलुगू आणि कन्नडमध्येही आहे. त्रास औषधाचाच होता हे सिद्ध करून द्यावं लागत नाही, शंका पुरते. तुमचं नाव जाहीर होत नाही. अशी निरीक्षण केंद्रं वैद्यकीय महाविद्यालयांत चालतात, त्यामुळे आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात चौकशी करा. जाताना गोळीची रिकामी पट्टी, बिल आणि चार तारखांचा तो कागद सोबत न्या.